टेबलावरची मंडळी

लाटणं सासू झालं आहे. ते होणारच होतं. रवी सून आहे आणि कुकरची शिट्टी नणंद. लाटणं धरलेल्या बाई आवाज चढवून विचारताहेत, "माहेरून काय आणलंस गं?" रवी गरकन फिरते आणि तोंडाला येईल ते बोलते. नणंद मधेमधे फुसफुसते. मालिकांतलं ते धाडधाड संगीतही कुणीतरी तोंडानं देतंय, तीन चेहऱ्यांसाठी तीन वेळा. हॉलभर हशा. शेवटी लाटणं रवीच्या डोक्यात बसतं आणि टाळ्या पडतात.

शिबीर घेणाऱ्या ताईही हसताहेत. हसू ओसरल्यावर त्या लाटणं उचलून बाजूला ठेवतात आणि त्या जागी स्टेपलर ठेवतात. "आता हाच प्रवेश स्टेपलरनं केला असता, तर काय बदललं असतं?"

कुणी बोलत नाही.

"एखादं वाक्य तरी?"

एकही नाही. सगळ्यांना ते एकदमच कळतंय, तसं माना हलताहेत. लाटणं नुसतं हातात होतं. बोलत होत्या त्या बाई.

रत्नागिरीतल्या एका शाळेचा हा हॉल. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, टेबलाच्या वरचंच एक कौल सरकलेलं. श्रावणातला रविवार आहे, त्यामुळे सर येते, ऊन पडतं, पुन्हा सर येते. दाराशी ओल्या चपलांचा आणि उघड्या छत्र्यांचा खच. माणसं वीस-बावीस: जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक, बालवाडीच्या बाई, राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी मंडळींपैकी काही जण, आणि नातीला सोडायला आलेले, सतरंजीच्या कडेला जरा टेकलेले आणि मग उठायचं विसरलेले एक निवृत्त पोस्टमास्तर. मी भिंतीला पाठ लावून बसलोय. बघायचं, एवढंच माझं काम.

निरोप असा गेला होता, की घरात रोज हाताळली जाणारी एक वस्तू आणा, दिवसभर ती नसली तरी घर अडणार नाही अशी. ती सगळी मंडळी आता सतरंजीवर मांडलेली आहेत. सांडशी, झारा, चहाचं गाळणं, सोऱ्या, किसणी, रोवळी, पितळी कुलूप, टॉर्च, चष्म्याचं घर, दाढीचा ब्रश, कंपासपेटी, हिरांचा खराटा. धार असलेलं काही नको, असं बजावलेलं असूनही एका बाईंनी विळी आणलीय. ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवलीय; जेवणाच्या सुटीत काकडी चिरायला उतरेल.

"आता जरा वेळ कुणी कुणाला काही बनवायचं नाही," ताई सांगतात. "आपापली वस्तू घेऊन बसा. कशी उभी राहते, कुठे कलंडते, कसा आवाज करते ते बघा. आणि ती काय करू शकत नाही, ते तर आधी बघा."

सगळे बसतात. हॉलमध्ये किणकिण, खरखर, टकटक एवढंच. सुरुवातीला सगळ्यांना अवघडल्यासारखं होतंय. घरी तीस वर्षं वापरलेली किसणी अशी डोळ्यांसमोर धरून बघायची म्हणजे काय! मग हळूहळू चेहरे बदलतात. सोऱ्यावाल्या बाई दांडा उलटा फिरवून आत डोकावताहेत. टॉर्चवाले गुरुजी पेटवून विझवून बघताहेत.

सांगायची वेळ येते तेव्हा पहिलं उत्तर किसणीचं. "हिला कुणाला जवळ घेता येत नाही." सगळे "आई गं" म्हणतात. गुरुजी म्हणतात, "टॉर्चला चोरून बघता येत नाही. जिकडं बघेल तिकडं उजेड. लगेच पकडला जाणार." सोऱ्याला घाईनं बोलता येत नाही, दांडा फिरेल तेवढंच बाहेर. रोवळीत पाणी ठरत नाही, पण तांदळाचा दाणा एक सुटत नाही. कुलूप किल्लीशिवाय तोंड उघडणार नाही, आणि किल्ली राहिलीय घरी. पोस्टमास्तर चष्म्याचं घर उघडतात, मिटतात. टप्प. "ह्याला अर्धवट काही जमत नाही," ते म्हणतात. "उघडं तर उघडं. नाही तर टप्प."

इथे सकाळपासून पहिल्यांदा मी वहीत काहीतरी लिहितो. कुणी पात्र सुचवायला बसलेलं नाही आणि तरी सहा माणसं हॉलमध्ये येऊन बसलेली आहेत. त्यातला तो टॉर्च तर मी आमच्या ओळखीत पाहिलेला आहे.

ताई पोस्टमास्तरांच्या खांद्यावरचा पंचा मागून घेतात. एका टोकाला सैल गाठ मारून तो टेबलावर पसरतात, दोन बोटं गाठीखाली सरकवतात आणि थांबतात. काही होत नाही. मग गाठ जेमतेम वर येते, क्षणभर राहते, खाली जाते. पुन्हा वर. पुन्हा खाली. पंचा झोपलाय. मागच्या रांगेतला कुणीतरी खोकतो तशी गाठ जराशी त्याच्याकडे वळते, आणि खोकणारा चक्क "सॉरी" म्हणतो.

"एवढंच," ताई म्हणतात. "आधी श्वास. चालणं-बोलणं मग."

हे त्यांच्या पदरचं नाही, त्या स्वतःच सांगतात. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला बेझिल जोन्स आणि एड्रियन कोहलर यांची हँडस्प्रिंग ही बाहुलीनाट्याची मंडळी आहे, १९८१ साली सुरू झालेली. त्यांनी लंडनच्या नॅशनल थिएटरच्या 'वॉर हॉर्स' नाटकासाठी २००७ मध्ये खऱ्या घोड्याच्या मापाचे घोडे केले. वेताचा सांगाडा, त्यावर विरळ जाळीचं कापड, एकेका घोड्याला तीन माणसं, आणि ती तिन्ही प्रेक्षकांना स्वच्छ दिसतात. तरी काही वेळानं दिसेनाशी होतात, कारण घोडा उभ्या उभ्या श्वास घेत असतो. ताई हे फार लांबवत नाहीत, आणि बरंच करतात. पंचा समोर असताना घोड्याची गोष्ट कशाला?

आता एक नियम येतो आणि दिवसभर तोच सगळ्यांच्या मानगुटीवर बसणार आहे. वस्तू चालवणाऱ्यानं वस्तूकडे बघायचं. प्रेक्षकांकडे नाही. तुम्ही जिकडे बघाल तिकडे आम्ही बघणार. टेबलावरच्या वस्तूत जीव राहिला नाही असं ज्याला वाटेल त्यानं "गेलं!" म्हणून ओरडायचं.

पोस्टमास्तर पंचा घेतात. त्यांचा श्वास छान लागतो, सावकाश, वयाला शोभेलसा. गाठ डोकं वर काढते, इकडं बघते, तिकडं बघते. पोरं खुदखुदतात. पोस्टमास्तरांना तो आवाज गोड लागतो, आणि ते हसून वर बघतात.

"गेलं!" चार-पाच आवाज एकदम. त्यात त्यांची नात सगळ्यांत मोठ्यानं.

आणि खरंच गेलेलं असतं. हात हलतोय, गाठ वरखाली होतेय, पण टेबलावर आता एक पंचा आहे आणि त्यामागे एक हौशी आजोबा. पोस्टमास्तर मान डोलावतात, डोळे खाली नेतात, पुन्हा श्वास धरतात. गाठ परत येते. हौशी रंगभूमीवरच्या मंडळींना हा खेळ सगळ्यांत जड जातोय, हे बघायला मला वाईट अशी मजा येते आहे. हशा आला की समोर बघायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. झारा तिसऱ्यांदा मरतो तेव्हा झाऱ्यावाले दादा कपाळाला हात लावतात.

चहाच्या वेळी गुरुजी ताईंना गाठतात. हातात कप, आवाजात शंका. "पण मग सरळ बाहुलीच का करत नाही? आमच्या खाली कुडाळाजवळ पिंगुळीला ठाकर लोकांकडं काय नाही? कळसूत्री आहे, चामड्याच्या बाहुल्या आहेत, चित्रकथी आहे. गंगावण्यांना पद्मश्री मिळाली."

"२०२१ मध्ये," ताई लगेच म्हणतात. त्या पिंगुळीला जाऊन आलेल्या आहेत. "पण गुरुजी, तिथला रावण पहिल्यापासून रावणच आहे ना? त्याला दहा तोंडं काढलीत, रंगवलीत. तो दोरीला टांगलेला असला तरी रावण. सांडशीला कुणी काही म्हणून केलेलं नाही. पातेलं उतरवायला केलंय. ती खेळ चालू असेपर्यंत कुणीतरी असते, आणि त्या वेळीही सांडशी असतेच." मग त्या सांगतात, की फ्रान्समध्ये काही नाटकवाल्यांनी हाच प्रकार धरून ठेवला, बाजारातली तयार वस्तू जशी आहे तशीच रंगमंचावर आणायची, तिला डोळे-नाक चिकटवायचं नाही. मार्सेयच्या 'तेआत्र द क्विझिन' या संस्थेच्या कॅटी देव्हिल यांनी १९८० मध्ये त्याला वस्तूंचं नाटक असं नाव दिलं. संस्थेच्या नावाचाच अर्थ स्वयंपाकघराचं नाटक.

बालवाडीच्या एक वयस्क बाई इतका वेळ पोहे खात नुसत्या ऐकताहेत. बशी खाली ठेवून त्या म्हणतात, "आमच्याकडे खड्याच्या गौरी असतात. पाणवठ्यावरून खडे आणायचे, मुक्यानं. वाटेत कुणाशी बोलायचं नाही. घरी आणले की गौरी."

"ती श्रद्धा झाली, बाई," गुरुजी म्हणतात. "हा खेळ."

"असेल. पण खड्याला नाक-डोळे आम्हीही काढत नाही."

गुरुजींना उत्तर सुचत नाही. मला मात्र पूजेतला सुपारीचा गणपती आठवतो. तांदळावर सुपारी, आवाहन झालं की ती गणपती. उत्तरपूजेच्या अक्षता पडल्या, जराशी सरकवली, की पुन्हा सुपारी. घटकाभरापूर्वी सगळ्या घरानं जिला हात जोडले, ती भटजींच्या पिशवीत नारळ-तांदळाबरोबर निमूट जाते आणि कुणालाच त्यात काही विसंगत वाटत नाही. श्रद्धेचा आणि खेळाचा मामला एक नाही, गुरुजींचं बरोबर आहे. पण ज्या लोकांना हे येतं, त्यांना सांडशी एवढी अवघड जायचं कारण नाही.

चहानंतर सांडशीच येते.

एकट्यानं करायचा प्रवेश आहे: टेबलावर यायचं, काहीतरी दिसायचं, आणि जायचं. शब्द नाहीत. सांडशी धरलेला मुलगा कॉलेजच्या एकांकिकांत काम करणारा, उंच, दाढीवाला. सकाळी मालिकेचं संगीत देणारा हाच. आता तो गुडघ्यांवर बसलाय, हनुवटी टेबलाच्या पातळीला. सांडशीचे दोन दांडे त्यानं खाली केलेत. दांडे म्हणजे पाय आणि वरचा वाकडा जबडा म्हणजे डोकं. हे त्याला सुचलंय असंही म्हणता येत नाही. सांडशी उलटी धरली की ते दिसतंच. इतकी वर्षं ती उलटी धरायचं कारण पडलं नव्हतं, एवढंच.

सांडशी चालायला लागते. मधे खिळा आहे, त्यामुळे एक पाय पुढे टाकला की जबडा उघडतो, पाय जुळले की मिटतो. चालताना तोंड मिटून ठेवणं तिला शक्यच नाही. मुलाला हे पहिल्या तीन पावलांत कळतं. तो थबकतो. आणि पुढे करतो ते असं, की सांडशीला त्याची लाज वाटायला लागते. ती पाऊल टाकते, तोंड उघडतं. चट्‌कन पाय जुळवून इकडंतिकडं बघते, कुणी पाहिलं तर नाही ना. पुन्हा पाऊल. पुन्हा तोंड. आम्ही हसतोय, पण दबक्या आवाजात, कारण तिला ऐकू जाईल.

ती टेबलाच्या कडेला पोचते. खाली वाकते. खाली शहाबादी फरशी, तिच्या मापानं बरीच खोल. मागे वळून बघते. मागे मोकळं टेबल. पुन्हा खाली. माझ्या शेजारच्या बाई "उडी मारतेय ही" असं पुटपुटतात आणि त्यांचा हात आपोआप पुढे होतो. सांडशी उडी मारत नाही. दांडे फाकवून कडेवर बसते, पाय खाली सोडून. बसल्यामुळे तोंड सताड उघडं राहिलंय, आणि आता ते मिटायची तिला घाई नाही.

मुलगा हात काढून घेतो तरी ती क्षणभर तशीच अडकून बसलेली आहे. मग खणकन खाली पडते.

"हे बसवलेलं नव्हतं ना रे?" ताई विचारतात.

"नाही हो. पाय पुढं टाकला आणि तिनंच तोंड उघडलं."

चॅप्लिननं १९२५ च्या 'द गोल्ड रश'मध्ये दोन काट्यांना पावाचे दोन तुकडे टोचून नाच करवला, तो बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्यातली गंमत काट्यांच्या काटकुळेपणात आणि पावांच्या जाडजूडपणात आहे. चमचे घेतले असते तर तो नाच झाला नसता. या मुलानं तो पाहिलाय की नाही, मी विचारत नाही.

पुढचा खेळ तिघातिघांचा. वह्यांना घालायचा खाकी कागद, मोठा ताव. तो चुरगाळून, पिळून, दुमडून ताई त्याचा माणूस करतात: एक बोंडाएवढं डोकं, दोन हात, आवळलेली कंबर, दोन पाय. दोरा नाही, गोंद नाही. एकानं डोकं आणि एक हात धरायचा, दुसऱ्यानं कंबर आणि दुसरा हात, तिसऱ्यानं पाय. जपानातल्या ओसाकाच्या बुनराकूमध्ये साधारण अशीच वाटणी आहे. मुख्य कलाकाराकडे डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. आणि नुसते पाय शिकण्यात दहा वर्षं जातात असं तिथं म्हणतात.

इथं दहा मिनिटं मिळतील. डोक्याला खड्याच्या गौरींच्या बाई, कंबरेला दाढीवाला, पायांना गुरुजी.

गुरुजी मुख्याध्यापक आहेत. त्याचा परिणाम लगेच दिसतो. कागदी माणसाचे पाय तरातरा निघतात आणि डोकं मागून फरफटत येतं. डोकं डावीकडे बघतंय, पाय उजवीकडे चाललेत. हॉलमध्ये हसून मुरकुंडी. "गुरुजी, आधी डोक्याला बघू द्या!" "अहो, साहेब फिरतीवर निघालेत!" गुरुजी हसतात, पण पाय थांबत नाहीत. बाई काही बोलत नाहीत. शब्द नाहीतच ना. त्या डोकं हलवायचं पूर्णच थांबवतात. कागदी माणूस उभा राहतो. बाई मोठा श्वास घेतात, खराखुरा, नाकानं, ऐकू येईलसा. आणि त्या श्वासाबरोबर डोकं वर येतं. दुसऱ्या श्वासाला कंबर वर येते. तिसऱ्याला गुरुजींच्या हातातली टाच उचलली जाते. पुढे गुरुजी पायांकडे बघतच नाहीत, बाईंच्या श्वासाकडे कान लावून आहेत. माणूस चालतो. म्हाताऱ्यासारखा नाही, पोरासारखा नाही; कागदासारखा, हलका, पाय टेकले तरी पुरते न टेकणारा.

तेवढ्यात सर कोसळते. आणि टेबलाच्या वरच्या त्या सरकलेल्या कौलातून एक थेंब टेबलावर पडतो. टप्प.

कागदी माणूस वळतो. तिघांपैकी कुणी आधी वळवला ते मला सांगता येणार नाही. थेंबाकडे बघतो. दोन पावलं मागे सरतो. दुसरा थेंब पडतो, पहिल्याच्या शेजारी. आता त्याला जायला वाट उरत नाही असं नाही, टेबल मोठं आहे, पण तो जात नाही. हळूहळू पुढे येतो, बसतो आणि हात पुढे करून टोक पाण्याला लावतो.

खाकी कागदाचा तो हात गडद होतो. पाणी बघता बघता वर चढतं, आणि हात मनगटापाशी मऊ पडून लोंबतो. डोकं खाली वाकून त्या हाताकडे बघतंय. दाढीवाल्याच्या बोटांत कंबर आहे, ती श्वास घेतेय, पण आता जरा भरभर.

कुणी हसत नाही. कुणी "गेलं" म्हणत नाही. पोस्टमास्तरांची नात हळूच आजोबांना सांगते, "त्याला टॉवेल द्या ना." आणि पोस्टमास्तर उठून, गंभीरपणे, पंच्याचं कोरडं टोक टेबलावर ठेवतात. माणूस त्या पंच्याकडे बघतो. मग आजोबांकडे बघतो, वर, खूप वर. हात पुसतो.

दिवसभरात मी पाहिलेलं सगळ्यांत चांगलं काही असेल तर ते हे, आणि ते कुणाच्याच डोक्यातून निघालेलं नाही. कौल गळलं नसतं तर ते झालं नसतं. पण कौलं सगळीकडेच गळतात. त्या थेंबाकडे वळायचं, 'अरे, टेबल सरकवा' म्हणून खेळ थांबवायचा नाही, एवढी तयारी सकाळच्या त्या किसणी-सोऱ्याच्या उद्योगातून झाली असावी. समोरून आलेलं नाकारायचं नाही, ते घेऊन पुढे जायचं, ही या खेळांची जुनी शिस्त आहे. कीथ जॉनस्टन यांचं १९७९ चं 'इम्प्रो' हे पुस्तक बरंचसं त्याभोवती फिरतं. हल्ली हे खेळ कंपन्यांच्या रिसॉर्टमधल्या शिबिरांत जातात आणि तिथे त्यांना 'टीम बिल्डिंग' म्हणतात. तिथल्या लोकांना कागदाच्या ओल्या हाताचं काही वाटत असेल का, कोण जाणे. बहुधा मागाहून फॉर्म भरायला देत असतील.

जेवण. काकडी चिरली जाते. खमंग काकडी होते.

दुपारी डोळे जड झालेत, म्हणून ताई बसल्या बसल्या गप्पा काढतात. इंग्लंडातल्या शेफील्डची 'फोर्स्ड एंटरटेनमेंट' ही नाटकमंडळी २०१५ पासून शेक्सपिअरची ३६ नाटकं एका छोट्या टेबलावर करते. एकेका नाटकाला एकच निवेदक, आणि पात्रं म्हणजे मिठाची बाटली, तेलाची बाटली, डबे, पेले. २०२० च्या टाळेबंदीत तर त्यांनी ती आपापल्या घरातूनच दाखवली. "तुम्ही 'नटसम्राट' केलंत," ताई विचारतात, "तर अप्पा बेलवलकरांना काय घ्याल?"

झोप उडते. हौशी मंडळी तर पेटतातच. पितळी समई, कुणी म्हणतं. दुसऱ्याला ती फार देखणी वाटते. त्यापेक्षा काजळी धरलेला कंदील. काठी? अगदीच सरळ आहे. कावेरीला रोवळी द्यावी यावर बायकांचं एकमत होतं आणि पुरुषांना का ते विचारायचं धाडस होत नाही. पोस्टमास्तर इतका वेळ गप्प. मग खिशातून चष्म्याचं घर काढतात. चष्मा नाकावर आहे, घर रिकामं. टेबलावर ठेवून उघडतात. आत मखमल, तिच्यावर चष्म्याच्या दांड्यांचे दोन खोल वण. "हे," ते म्हणतात. आणि मिटतात. टप्प.

कंदीलवाले आपला कंदील मागे घेतात.

शेवटचा खेळ मोठा, सगळ्यांचा. ताई दारातल्या चपला आत आणायला सांगतात. ओल्या, चिखलाच्या, शाळेचा शिपाई नाराजीनं बघतोय. रबरी चपला, सँडल, पावसाळी बूट, टाच झिजलेल्या कोल्हापुऱ्या ज्या या दिवसांत कुणी घालू नयेत. प्रत्येकानं दुसऱ्याच कुणाचा तरी जोड हातांत घालायचा आणि जमिनीवर बसायचं. जागा: एस. टी. स्टँड. बोलायचं नाही, आवाज फक्त चपलांचा.

पहिल्यांदा नुसता गोंधळ होतो. चपला एकमेकींवर चढतात, एक बूट उगाच लाथा घालत सुटतो आणि हशा मिळवतो. त्या हशानं त्याला जोर येतो, तो आणखी लाथा घालतो. ताई थांबवत नाहीत. मला वाटतं थांबवायला हवं होतं. पण मग एक कोल्हापुरी त्या बुटाच्या अगदी जवळ येऊन नुसती उभी राहते. टाच टेकलेली, पुढचा भाग किंचित उचललेला, टक्‌ टक्‌ टक्‌. तिची ती पायाची ठेका धरणारी चिडचिड रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. बूट गप्प होतो. हळूहळू सगळी रांग तोच ठेका धरते. गाडीला उशीर झालाय.

कुठे एक पांढरी सँडल दुसरीला टेकून उभी. कुठे एक जोड सारखा पुढे जाऊन वाकून बघतोय आणि परत येतोय. एका रबरी चपलेचा अंगठा तुटलाय. ती एकाच पायावर भार देऊन उभी राहते, आणि तिच्या जोडीची तिला खेटून. नातीच्या हातात आजोबांचे बूट आहेत, आणि ते इकडून तिकडे पळताहेत. आजोबांच्या हातात तिच्या गुलाबी चपला, आणि त्या घाबरून बुटांच्या मागे.

गाडी कोण होणार, हे कुणी ठरवलेलं नाही. दाढीवाला उठून बाक ओढायच्या बेतात आहे. पण त्याआधीच पुढच्या दोन चपला ताठ होतात आणि डावीकडे वळतात. मग बाकीच्या. एकामागून एक सगळ्या चपलांची तोंडं डावीकडे, आणि मग सावकाश, सगळी मिळून, डावीकडून समोर येतात. गाडी फलाटाला लागलीय. बाक ओढायची गरज पडत नाही. दाढीवाला खाली बसतो.

अमेरिकेत व्हायोला स्पोलिन यांनी असे खेळ शिकागोतल्या स्थलांतरितांच्या मुलांबरोबर काम करताना घडवले, जिथं सगळ्यांची भाषा एक नव्हती; १९६३ साली ते पुस्तकात आले. रत्नागिरीच्या स्टँडवर भाषेची अडचण नाही. पण नियम पाळला नसता तर आत्ता इथं नक्की कुणीतरी कंडक्टरचा आवाज काढला असता, आणि ती गाडी कुणालाच दिसली नसती.

झुंबड उडते. चपला बाकाखाली घुसतात, खिडकीतून रुमाल टाकावा तसा कुणीतरी एक पायमोजा पुढे फेकतो. अंगठा तुटलेली मागेच राहते. गाडी सुटते, तोंडं उजवीकडे वळतात. आणि गुलाबी चपला बाकाखालून परत बाहेर येतात, धावत, अंगठा तुटलेलीपाशी येऊन थांबतात.

"आजोबा, गाडी चुकली ना आता!" नात नियम मोडून ओरडते. "तुम्ही का उतरलात?"

"तिकीट तुझ्या बुटांकडं होतं," पोस्टमास्तर म्हणतात.

झाडू मारायला सगळे लागतात. शिपायाचा राग खराट्यानं निम्मा जातो. गुरुजी ताईंपाशी येतात. सोमवार त्यांच्या डोक्यात आत्ताच सुरू झालाय. "माझ्या वर्गात पोरं चाळीस. टेबल एक. हे जमायचं कसं?"

"टेबल नकोच. जमिनीवर गोल करा. प्रत्येकाचं दप्तर त्याच्याजवळ आहेच."

"म्हणजे कंपास, खोडरबर, टोकयंत्र."

"आणि तुमच्याकडं डस्टर."

गुरुजी विचारात पडतात. "डस्टर काय करू शकत नाही?" ते स्वतःलाच विचारतात. मग तोंड वर करून म्हणतात, "स्वतःला स्वच्छ करू शकत नाही. दुसऱ्याचं सगळं पुसतो आणि स्वतः पांढरा." खड्याच्या गौरींच्या बाई शेजारून जाता जाता ऐकतात. "चांगला आहे," त्या म्हणतात. "पण तुम्ही चालवू नका हो तो. पोराकडं द्या. तुम्ही पाय घ्या."

"डस्टरला पाय कुठले?"

"तेच बघत बसा," असं म्हणून बाई आपली रोवळी छत्रीखाली धरून पायऱ्या उतरतात.